दुवा आणि दाखला

"तुमचं ते निळं काही उघडंना झालंय, बघा."

फोन निपाणीहून होता. पलीकडे गुरुजी होते. त्यांचे नाव इथे देत नाही, त्यांना ते आवडणार नाही. प्राथमिक शाळेत हयात घालवलेला माणूस, वय ऐंशीच्या पुढे. नातवाच्या कॉम्प्युटरसमोर बसून माझे टिपण वाचत होते. टिपणात मी जागोजागी दुवे दिले होते, म्हणजे निळ्या रंगातले, खाली रेघ असलेले शब्द. शब्दावर टिचकी मारली की त्या विषयाचे पान उघडावे, अशी योजना. गुरुजींनी एकेक शब्द दाबून पाहिला. निम्मे उघडले, निम्मे ढिम्म.

त्याचे असे झाले. सीमाभागातल्या एका वाचनालयाला छोटीशी पुस्तिका काढायची होती. तिच्यासाठी गोवा आणि बेळगाव यांच्या नात्यावर त्यांनी माझ्याकडे टिपण मागितले. गुरुजी त्या पुस्तिकेची मुद्रिते तपासणार होते. विषय आम्हां गोंयकारांच्या घरातलाच. घाटावरून रोज उतरणारी भाजी, बेळगावला शिकायला गेलेले कुणाचे मामा, कुणाचे काका, सकाळच्या चहाबरोबरचा 'तरुण भारत'. पोर्तुगीज अमदानीत पोलिसांचा ससेमिरा चुकवून घाट चढलेल्या कितीतरी गोमंतकीयांना आसरा दिला तो बेळगावनेच. मुक्तिलढ्याचे गुप्त रेडिओ केंद्रही काही काळ कॅसलरॉकच्या जंगलातून बोलत होते. मी उत्साहाने लिहायला बसलो. लिहिता लिहिता वाटले, सीमाभागातला वाचक वाक्यावाक्याला पुरावा मागणार. तेव्हा दुवे द्यावेत.

दिले. पण काही जुनी पुस्तके मी माझ्याच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती. दुवा देताना मी त्या फायलींचा रस्ता दिला, सी ड्राइव्हपासून सुरू होणारा. माझ्या घरी सगळे झकास उघडत होते. निपाणीच्या कॉम्प्युटरला माझ्या घरातले कपाट कुठून दिसणार? चावी आपल्या कनवटीला ठेवायची आणि शेजाऱ्याला सांगायचे, माझ्या पेटाऱ्यात आहे, बघून घ्या, असा तो प्रकार.

मी चूक कबूल केली. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "अहो, आमच्याकडं साठ-सत्तर वर्षं हेच चाललंय. पुरावा आहे म्हणून सगळेच सांगतात. दाखवा म्हटलं की कपाट बंद."

हे वाक्य मला लागले. त्या दिवसापासून मी या निळ्या शब्दांचा जरा विचार करू लागलो. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो आहे.

इंग्रजी 'लिंक'ला मराठीने 'दुवा' हा शब्द दिला, तो फार चांगला दिला. दुवा म्हणजे दोन गोष्टींना जोडणारा सांधा. आशीर्वाद या अर्थाचा 'दुवा' वेगळा, तो अरबी-फारसीच्या वाटेने आला. पण ज्याने नेमके पान दाखवले त्याला वाचक मनोमन दुवा देतोच, तेव्हा दोन्ही अर्थ एकमेकांना परके नाहीत.

सीमाभागाला तर दुवा मुळीच नवा नाही. खानापूर तालुक्यातले हलशी गाव पाहा. हीच जुनी पलाशिका, आरंभीच्या कदंबांची एक राजधानी. पुढे गोव्याचे कदंब आले. त्यांच्या राज्याची ओळखच मुळी 'कोंकण नऊशे' आणि 'पलसिगे बारा हजार' अशा दोन प्रांतांनी होई. एक पाय चांदरला आणि एक पाय हलशीला. गोवा आणि बेळगाव यांच्या नात्याचा इतका जुना दाखला दुसरा कुठला द्यावा? हलशीला मिळालेले कदंबांचे ताम्रपट जे. एफ. फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने १९व्या शतकात वाचून छापले.

ताम्रपट कसा असतो? तांब्याचे दोन-चार पत्रे. प्रत्येकाला भोक पाडून ते एका कडीत ओवलेले. कडीची दोन टोके जिथे जुळतात तिथे राजमुद्रा. कडी शाबूत असेल तर पहिल्या पत्र्यानंतर दुसरा कोणता हा प्रश्नच उरत नाही, आणि मुद्रा शाबूत असेल तर मधला पत्रा कुणी बदलला नाही याची खात्री पटते. कडी कापली की पत्रे सुटे होतात. मग कुठला पत्रा कुठल्या दानाचा यावर विद्वानांनी भांडत बसावे. मला तरी ही कडी म्हणजे आपला पहिला दुवा वाटते. ती नुसती जोडत नाही, जोडलेले खरे आहे याची हमीही घेते.

ताम्रपटानंतर कागद आला, आणि कागदाबरोबर तळटीप. सर जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा २१वा खंड १८८४ साली निघाला, तो बेळगाव जिल्ह्याचा. त्याची पाने उघडली की वर मजकूर आणि खाली बारीक टाइपातल्या टिपा दिसतात. हे कुठून घेतले, ते कुणी सांगितले, अमक्या ग्रंथाचे तमके पान. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही बाजूंच्या लेखनात या एकाच खंडाचे दाखले मी पाहिले आहेत. २००० साली बेळगावला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष य. दि. फडके हेही कागदपत्र पाहिल्याशिवाय शब्द न लिहिणारे इतिहासकार. सीमाभागाने अध्यक्षही कसा, दाखल्याचा माणूस मिळवला!

तळटिपेत एकच अडचण. टीप सांगते 'तिथे पाहा', पण 'तिथे' जायचे कसे? ग्रंथ मुंबईला, वाचक निपाणीला. १९४५ साली व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञाने एका लेखात कल्पना मांडली, की एका कागदावरून दुसऱ्या कागदावर थेट नेणारी वाट यंत्रातच आखून ठेवता आली तर! १९६५ साली टेड नेल्सन यांनी अशा मजकुराला 'हायपरटेक्स्ट' हे नाव दिले. १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी प्रस्ताव लिहिला, त्यातून आजचे वेब उभे राहिले. वर्डमध्ये दुवा देण्याची सोय १९९७च्या आवृत्तीत आली. पण आपली देवनागरी तेव्हा फॉण्टांच्या जंजाळात अडकलेली होती. एका फॉण्टातला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की 'कमळा'चे चिखलात रूपांतर. विंडोज २०००मध्ये युनिकोड देवनागरी आणि मंगल फॉण्ट आला, मग हळूहळू मराठी शब्दालाच दुवा चिकटवणे सुकर झाले. म्हणजे 'पाहा' म्हणण्यापासून 'चला, नेतो' म्हणण्यापर्यंत यायला अर्धे शतक लागले.

असो. गुरुजींच्या फोननंतर मी सगळे दुवे नव्याने द्यायला बसलो. कृती साधी आहे, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्या शब्दांना दुवा द्यायचा ते माउसने निवडायचे. कंट्रोल आणि के या कळा एकत्र दाबायच्या. चौकट उघडते. तिच्यात वर दिसणारा मजकूर असतो, खाली पत्त्याचा रकाना. ब्राउझरमधून त्या पानाचा पत्ता उचलून या रकान्यात डकवायचा आणि ओके म्हणायचे. शब्द निळा होतो. लिबरऑफिसमध्येही याच कळा चालतात. वाचणाऱ्याने मात्र वर्डमध्ये कंट्रोल दाबून धरून टिचकी मारायची, नुसती टिचकी मारली तर कर्सर तिथे जाऊन बसतो, बाकी काही होत नाही.

पत्ता तसाच्या तसा मजकुरात सोडू नये. मराठी पानाचा पत्ता उचलला की देवनागरी अक्षरांच्या जागी पुष्कळदा टक्क्याची चिन्हे आणि इंग्रजी अक्षरे यांची दोन-तीन ओळींची माळ येते. ती मजकुराच्या मध्ये आली की वाचणाऱ्याला ठेच लागते. त्यापेक्षा 'बेळगाव गॅझेटियर, १८८४' हे शब्द दिसावेत आणि माळ त्यांच्यामागे दडावी. 'येथे टिचकी मारा' असेही लिहू नये. 'येथे' म्हणजे कुठे ते कळत नाही. आणि शेवटी पीडीएफ करताना 'सेव्ह अ‍ॅज'मधून करावी, छपाईच्या आज्ञेतून केली तर दुवे बहुधा गळून पडतात, निळा रंग तेवढा राहतो.

स्वतःच्या कॉम्प्युटरवरच्या फायलींचे दुवे मी काढून टाकले. त्यांतली बरीच पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर होतीच. तिथे पुस्तकाच्या नेमक्या पानाचाही पत्ता मिळतो. सहाशे-सातशे पानांच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर वाचकाला सोडणे म्हणजे पाहुण्याला म्हापशाच्या बसस्टँडवर उतरवून 'आमचे घर इथेच कुठेतरी' म्हणण्यासारखे. मी शक्य तिथे पान गाठले, टिपण पुन्हा पाठवले आणि निर्धास्त झालो.

चार दिवसांनी फोन.

"उघडतंय आता सगळं. पण तुमचं वाक्य निराळं आणि आतलं पान निराळं."

"कुठलं वाक्य, गुरुजी?"

"महाजनचं."

इथे थोडी मागची कथा सांगायला हवी. मे १९४६मध्ये बेळगावला ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुढच्याच महिन्यात, १८ जूनला, डॉ. राम मनोहर लोहिया मडगावात उभे राहिले. घाटाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे एकाच उन्हाळ्यात ठिणगी पडली. पुढे १७ जानेवारी १९५६ रोजी सीमाभागात गोळीबार झाला, तो दिवस तिथे हुतात्मा दिन म्हणून पाळतात. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका मागे राहिला. महाराष्ट्राचे म्हणणे असे, की खेडे हा घटक धरा, सलगता पाहा, लोकांची भाषा पाहा आणि त्यांची इच्छा विचारा. कर्नाटकाचे म्हणणे असे, की १९५६ला जे ठरले ते ठरले. वाद मिटेना. सेनापती बापटांनी उपोषण केले. २५ ऑक्टोबर १९६६ रोजी केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. २५ ऑगस्ट १९६७ला त्याचा अहवाल आला.

या अहवालाबद्दल मी लिहिले होते, 'महाजन आयोगाने महाराष्ट्राचा सगळा दावा फेटाळला.' आणि शब्दांना दुवा दिला होता.

"दुवा दाबला," गुरुजी म्हणाले. "वाचलं. बेळगाव शहर दिलं नाही, ते खरं. पण दोनशे चौसष्ट गावं महाराष्ट्राला द्यावीत अशी शिफारस आहे की. त्यात खानापूर आहे, नंदगड आहे. आणि आमची निपाणी आहे. दोनशे सत्तेचाळीस गावं तिकडून इकडं यायची होती. अहो, निपाणीच्या माणसाला निपाणीचं सांगायला बसलात आणि निपाणीच गाळलीत?"

मला काय बोलावे सुचेना. ते वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. घरी, सभांत, प्रवासात. इतके वेळा ऐकले की ते मला 'ठाऊक' वाटू लागले. दुवा मी दिला होता खरा, पण ते पान मी स्वतः शेवटपर्यंत वाचले नव्हते. वरचे शीर्षक पाहिले, विषय जुळला, पत्ता उचलला, डकवला. म्हणजे मुद्रा लावली, पण पत्रा वाचला नाही.

बेळगावच दिले नाही म्हणून महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, म्हैसूरने स्वीकारला, अंमलबजावणी झाली नाही आणि निपाणी होती तिथेच राहिली. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२२मध्ये दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी पाच दिवसांच्या अंतराने एकमेकांविरुद्ध ठराव केले. पण या साऱ्या गदारोळात निपाणीच्या एका म्हाताऱ्या शिक्षकाला एवढेच हवे होते, की आपल्या गावाचे नाव कागदावर जिथे आहे तिथे ते असल्याचे सांगितले जावे. आणि आपल्याच बाजूने लिहिणाऱ्या माणसाने ते पुसले होते.

तेव्हा कळले, दुवा देणे म्हणजे सजावट नव्हे. दुवा देणारा वाचकाला म्हणत असतो, 'माझ्यावर विश्वास ठेवू नका, हे घ्या, स्वतः बघा.' एकदा असे म्हटले की जे आपल्या सोयीचे नाही तेही वाचकाच्या हाती जाते. गोव्याच्या कदंबांचे शिलालेख संस्कृतात आहेत तसे कन्नडातही आहेत. हलशीचा दुवा दिला की वाचक तेही वाचणार. वाचू द्यावे. कदंबांना आपल्या आजच्या सीमारेषा ठाऊक नव्हत्या, त्यांना साक्षीला बोलावून एकाच बाजूने बोलायला लावणे हा अप्रामाणिकपणा. आम्ही गोव्यात तरी वेगळे काय करतो? १९६७ सालच्याच १६ जानेवारीला आपल्याकडे जनमत कौल झाला. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. आजही वाद घालताना कुणी पहिलाच आकडा सांगतो, कुणी दुसराच. दोन्ही एकत्र ठेवले तरच त्या वेळचा गोवा दिसतो.

टिपण तिसऱ्यांदा दुरुस्त करायला घेतले. या वेळी प्रत्येक दुवा उघडून, पान वाचून, मग आपले वाक्य पुन्हा वाचून पाहिले. सोळा ठिकाणी दुवे होते. महाजनखेरीज आणखी दोन वाक्ये बदलावी लागली.

त्यातच नवी गोष्ट लक्षात आली. वर्षभरापूर्वी मी टिपून ठेवलेले काही पत्ते आता उघडत नव्हते. संकेतस्थळे बंद पडतात, नव्याने रचली जातात, जुने पत्ते अनाथ होतात. सीमाभागात तर गावांची नावेही बदलतात. १ नोव्हेंबर २०१४पासून बेळगाव सरकारदरबारी 'बेळगावी' झाले. निपाणीच्या इंग्रजी स्पेलिंगात कुणी एक पी लिहितो, कुणी दोन. एका नावाने शोधले तर दुसऱ्या नावाने ठेवलेले सापडत नाही. म्हणून मी टिपणात पहिल्या उल्लेखाला दोन्ही नावे लिहिली. आणि महत्त्वाची पाने इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून त्या प्रतीचा पत्ता दिला. मूळ पान उद्या गेले तरी आजची प्रत राहावी.

पण गुरुजींचा शेवटचा प्रश्न याहून साधा होता. "हे सगळं पुस्तिकेत छापणार न्हवं? कागदावर टिचकी मारून काय उघडणार?"

खरेच की! छापल्यावर निळा शब्द काळा होतो आणि त्याच्यामागचा पत्ता नाहीसा होतो. शेवटी मी प्रत्येक दुव्याच्या शेजारी साध्या अक्षरांत दाखला लिहिला. ग्रंथाचे नाव, साल, खंड, पान. कॅम्पबेलच्या माणसांनी १८८४ साली लिहिला तसाच. दुवा वाचकाला लवकर पोचवतो. दाखला मात्र दुवा तुटल्यावरही वाट सांगतो. दोन्ही हवेत, आणि एकच द्यायचा झाला तर दाखला द्यावा.

एका दुव्याबद्दल मात्र गुरुजी खूश झाले. निपाणी म्हणजे तंबाखू. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन तिथे झाले, ते पुष्कळांना आठवते. पण वखारींत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायकांनीही त्याच सुमारास संघटना बांधली होती. त्यांच्यावर 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ साली 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला. पुढे बर्लिनच्या 'आर्सेनल' या संस्थेने तो डिजिटल रूपात जपला. त्याच्या पानाचा दुवा मी दिला होता.

"बर्लिनला?" गुरुजींनी दोनदा विचारले. मग म्हणाले, "त्या बायकांची पोरं माझ्या वर्गात होती. पोरांच्या दप्तरालासुद्धा तंबाखूचा वास यायचा. इथं कुणी त्यांचं नाव काढत नाही, आणि तिकडं जपून ठेवलंय होय." थोडा वेळ फोनवर काहीच ऐकू आले नाही.

पुस्तिका छापून आली. वाचनालयाने टिपणाची पीडीएफही सभासदांना पाठवली. महिनाभराने गुरुजींचा पुन्हा फोन आला.

"एक दुवा परत बंद पडलाय तुमचा. गॅझेटियरचा."

मी ओशाळून म्हटले, "आज बघतो, गुरुजी. नवीन पत्ता टाकून पाठवतो."

"राहू द्या की. खाली खंड आणि पान लिहिलंय न्हवं? आज वाचनालयात जाऊन बघून आलो मी. बरोबर आहे."